लेजर कोणाच्या कपाटात?

१९८४ साल. सातारा जिल्ह्यातल्या एका शाखेत मी नवा नवा अधिकारी म्हणून रुजू झालो होतो. दुपारी काउंटर बंद झाले की शाखेत एक सुस्त शांतता पसरे. क्लार्क मंडळी माना खाली घालून लेजरमध्ये आकडे चढवत बसलेली, आणि वर पंखा कुरकुरतो आहे. अशा एका दुपारी गावातले एक वजनदार बागायतदार मॅनेजरसाहेबांसमोर येऊन बसले. मुलीचे लग्न ठरत होते. मुलाकडची मंडळी त्याच गावातली, त्यांचे खाते आमच्याकडेच. आबांनी चहा घेतला, पावसाची चौकशी केली आणि उठता उठता हळूच म्हणाले, "साहेब, आकडा नका सांगू. घर बरं आहे ना, एवढं नुसतं मान हलवून सांगा."

साहेबांनी मान हलवली नाही. ते म्हणाले, "आबा, उद्या त्यांनी येऊन तुमच्याबद्दल हेच विचारलं, तर मी मान हलवावी का?"

आबा मोठ्याने हसले, टोपी सारखी केली आणि गेले. पुढे लग्न झाले, शाखेत पेढेही आले. पण ते गेल्यावर साहेबांनी मला बोलावून विचारले होते, नोकरीत येताना गोपनीयतेच्या कागदावर सही केली होती ती वाचून केली होती का? मी खोटे बोललो. बँकेत लागणारा प्रत्येक जण ही सही करतो. राष्ट्रीयीकृत बँकांच्या १९७० च्या कायद्यातच हे बंधन आहे: ग्राहकाच्या व्यवहाराची वाच्यता करायची नाही. त्यामागे १९२४ सालचा एका इंग्लिश न्यायालयाचा निकाल आहे. टूर्निए नावाच्या खातेदाराचे खाते उणे होते. बँकेच्या मॅनेजरने त्याच्या मालकाला फोन केला आणि बोलता बोलता हा मनुष्य सट्ट्यात पैसे घालत असावा, असेही सांगून टाकले. बिचाऱ्याची नोकरी गेली. न्यायालयाने त्याची बाजू घेतली, आणि खातेदाराचे गुपित राखणे हे बँकेचे कायदेशीर कर्तव्य ठरले. कायद्याची सक्ती, सार्वजनिक हित, बँकेचे स्वतःचे रास्त हित आणि ग्राहकाची संमती, एवढेच चार अपवाद.

त्या दिवशी संध्याकाळी लेजरे लोखंडी कपाटात गेली, किल्ली साहेबांच्या खिशात गेली. लेजर कुठे आहे, किल्ली कोणाकडे आहे आणि काही बाहेर फुटलेच तर कोणाची गचांडी धरायची, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे गावातल्या कोणत्याही खातेदाराला ठाऊक होती. आज मी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात कार्ड टेकवून रक्तदाबाच्या गोळ्या घेतो, तेव्हा यांतल्या एकाही प्रश्नाचे छातीठोक उत्तर मला देता येत नाही. आणि मी जन्म बँकेत काढला आहे.

वाचकांना वाटेल, हा बँकवाल्यांचा किंवा संगणकवाल्यांचा मामला. गेल्या दहा-बारा वर्षांत तो तिथून उठून भलत्याच टेबलावर जाऊन बसला आहे. मोटारी, व्हिस्की आणि द्राक्षे यांवर किती आयातशुल्क असावे हे ज्या टेबलावर ठरते, त्याच टेबलावर आपली माहिती कोणत्या देशात राहावी, हेही आता ठरू लागले आहे. या माहितीला, म्हणजे डेटाला, मराठीत 'विदा' असा शब्द सुचवला गेला आहे. शब्द वाईट नाही. पण माझ्या पिढीच्या कानाला तो निरोपाचा वाटतो, आणि विषय पाहता तो चपखलही आहे.

माझा स्वतःचा या गोष्टीशी पहिला संबंध आला तो मुंबईत, परकीय चलन विभागात बदली झाल्यावर. परदेशातून पैसे आल्याचा निरोप तेव्हा टेलेक्सवर येई. तो खरा की खोटा हे ठरवण्यासाठी गुप्त तक्त्यांवरून बेरजा करून 'टेस्ट' जुळवावी लागे; ते तक्तेही कपाटात, किल्लीखाली. १९९१ मध्ये भारतीय बँका 'स्विफ्ट'च्या जाळ्यात आल्या आणि हे सगळे हळूहळू मागे पडले. स्विफ्ट ही १९७३ साली बेल्जियममध्ये स्थापन झालेली बँकांची संस्था. आपल्या साखर कारखान्यासारखीच सभासदांच्या मालकीची, सहकारी. दुबईतल्या मुलाने कोल्हापूरच्या आईला पैसे पाठवले, तर त्याचा संदेश या जाळ्यातून क्षणात येई. आम्ही खूश होतो. या संदेशांच्या प्रती कुठे साठतात, हे त्या विभागात कोणी कोणाला विचारल्याचे मला आठवत नाही. मीही विचारले नाही.

ते कळले २००६ च्या जूनमध्ये, वर्तमानपत्रातून. स्विफ्टच्या प्रत्येक संदेशाची एक प्रत युरोपातल्या आणि एक अमेरिकेतल्या व्हर्जिनियामधल्या केंद्रात राहत होती. एकाला आग लागली तर दुसरे असावे, एवढाच साधा हेतू. पण ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर अमेरिकी अर्थखात्याने आपल्या भूमीवरच्या त्या केंद्राला फर्माने धाडली आणि दहशतवाद्यांचा पैसा शोधण्यासाठी संदेश मागून घेतले. जवळजवळ पाच वर्षे हे गुपचूप चालले होते. हेतू चांगला होता, हे मान्य करू. पण जर्मनीच्या बँकेने इटलीच्या बँकेला पाठवलेला निरोप अमेरिकी अधिकारी वाचू शकत होते, कारण कपाट त्यांच्या घरात होते. बेल्जियमच्या माहिती संरक्षण आयोगाने यात देशाच्या कायद्याचा भंग झाल्याचे ठरवले. स्विफ्टने स्वित्झर्लंडमध्ये नवे केंद्र उभारले आणि २००९ च्या अखेरीस युरोपचे अंतर्गत संदेश युरोपात ठेवण्याची व्यवस्था केली. मग अमेरिकेला ते मिळत राहावेत म्हणून एक हंगामी करार पुढे आला. ११ फेब्रुवारी २०१० रोजी युरोपीय संसदेने तो ३७८ विरुद्ध १९६ मतांनी फेटाळला. काही महिन्यांनी अधिक अटी घालून नवा करार झाला. म्हणजे माहिती अखेर गेलीच. पण विचारून गेली, मोजून गेली, आणि लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहाने आधी एकदा 'नाही' म्हटल्यावर गेली. या फरकाला माझ्या लेखी फार किंमत आहे.

त्या सगळ्या प्रकरणात कोल्हापूरच्या आईच्या संदेशाबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. आपल्याकडे तेव्हा त्यासाठी कायदाच नव्हता.

आता व्यापार करारांकडे वळू. माझ्या वयाच्या वाचकांना डंकेल प्रस्ताव आठवत असेल. १९९१ च्या डिसेंबरात तो आला आणि पुढची दोन-तीन वर्षे आपण बियाणे, औषधे आणि पेटंट यांवरून रान उठवले. त्याच गठ्ठ्यात सेवांच्या व्यापाराचा एक करार होता. तो १ जानेवारी १९९५ पासून लागू झाला. त्याच्या चौदाव्या कलमात एक अपवाद आहे: नागरिकांच्या वैयक्तिक माहितीचे रक्षण करण्यासाठी एखाद्या देशाने उपाय योजले, तर ते करारभंग ठरू नयेत; मात्र त्या नावाखाली छुपी व्यापारबंदी असू नये. त्या काळी हे पुरेसे वाटले. इंटरनेट आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी सुरू व्हायचे होते.

पुढे बड्या अमेरिकी कंपन्यांचा सगळा धंदाच माहितीवर उभा राहिला, तेव्हा त्यांना नव्या वाक्यांची गरज पडली. ती २०१६ मध्ये बारा देशांनी सही केलेल्या पॅसिफिक पार देशांच्या करारात आली. थोडक्यात अशी: धंद्याच्या कामासाठी माहिती सीमेपलीकडे नेण्यास कोणत्याही सभासद देशाने मनाई करू नये, आणि धंदा करायचा असेल तर संगणक आमच्याच देशात ठेवा, अशी अट घालू नये. अपवाद आहे. सार्वजनिक हिताचे रास्त उद्दिष्ट असेल तर बंधन घालता येते, पण ते गरजेपेक्षा जास्त असता कामा नये. आता गरज किती होती, हे ठरवणार कोण? वाद झाला तर कराराचे पंचमंडळ. तीन व्यापारतज्ज्ञ. आपली संसद नाही, आपले न्यायालय नाही. एकदा सही झाली की पुढच्या सरकारचेही हात बांधलेले. कारण तो शब्द मोडायचा तर द्राक्षांवरची सवलत गमवावी लागते.

आणि आता गंमत पाहा. याच करारातून अमेरिकेने बँका आणि वित्तसंस्था यांना हळूच बाजूला काढले होते. संगणक कुठेही ठेवण्याची मुभा सगळ्यांना, बँकांना मात्र नाही. कारण २००८ चा अनुभव. लेहमन ब्रदर्स कोसळली तेव्हा तिच्या व्यवहारांची माहिती देशोदेशींच्या संगणकांत विखुरलेली होती आणि ती हाती लागताना अमेरिकी नियामकांच्या नाकी नऊ आले. जळल्यावर शहाणपण आले. पुढे मेक्सिको आणि कॅनडाशी केलेल्या आणि २०२० मध्ये लागू झालेल्या करारात त्यांनी हा सूर बदलला: माहिती कुठेही ठेवा, पण नियामकाने मागितली की ती तत्काळ, थेट आणि पूर्ण मिळाली पाहिजे.

हे ध्यानात ठेवले की ६ एप्रिल २०१८ चे रिझर्व्ह बँकेचे परिपत्रक नीट समजते. देशातल्या पैसे देण्या-घेण्याच्या व्यवहारांची सगळी माहिती फक्त भारतातच साठवा, असा तो आदेश होता. मुदत सहा महिन्यांची. कारणही तेच दिले होते: देखरेखीसाठी विनाअडथळा माहिती मिळावी. कार्ड कंपन्यांनी बराच गळा काढला. अमेरिकेच्या व्यापार प्रतिनिधी कार्यालयाने २०१९ च्या अहवालात भारताच्या अशा अटींना व्यापारातला अडथळा म्हटले. २०१९ च्या जूनमध्ये रिझर्व्ह बँकेने खुलासा केला की, प्रक्रिया परदेशात करायची असेल तर करा, पण चोवीस तासांत किंवा कामकाजाच्या एका दिवसात, जे आधी येईल तेव्हा, तिथली माहिती पुसून इकडे आणा. हे न पाळल्याबद्दल २०२१ मध्ये अमेरिकन एक्स्प्रेस, डायनर्स क्लब आणि मास्टरकार्ड यांना नवे ग्राहक घेण्यास मनाई झाली. पुढच्या वर्ष-सव्वा वर्षात तिघांवरची मनाई उठली, कारण तिघांनी अट पाळली. हे करताच येणार नाही, असे आधी सांगितले जात होते. बँकेतला माझा अनुभव सांगतो की 'सिस्टिममध्ये बसत नाही' या वाक्याचा अर्थ बहुधा 'खर्च करायचा नाही' असा असतो.

भारताने त्या काळात दोन मोठे नकारही दिले. २०१९ च्या जूनमध्ये ओसाकाच्या जी-२० परिषदेत जपानने 'विश्वासासह माहितीचा मुक्त संचार' अशी घोषणा पुढे केली. भारत, इंडोनेशिया आणि दक्षिण आफ्रिका यांनी तिच्यावर सही केली नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात बँकॉकला भारत आशियाई देशांच्या आरसेप करारातून बाहेर पडला. त्यामागे मुख्य चिंता चिनी माल आणि दुधाची होती, पण माहितीविषयीची कलमेही वादाची होती. तेव्हा आपल्यावर आडमुठेपणाचा शिक्का बसला. मी स्वतःही तेव्हा एका मित्राशी वाद घालताना म्हणालो होतो की, आपण उगाच दार अडवून बसलो आहोत. आज तसे म्हणणार नाही.

कारण २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये ज्यांनी हा मंत्र जगाला शिकवला त्यांनीच तो सोडला. जागतिक व्यापार संघटनेच्या वाटाघाटींत अमेरिकेने मुक्त संचाराच्या आपल्याच मागणीचा पाठिंबा काढून घेतला. आपल्या बड्या कंपन्यांवर कायदे करायला आपल्याला मोकळीक हवी, असे कारण दिले. २०२४ च्या फेब्रुवारीत राष्ट्राध्यक्षांनी आदेश काढला आणि अमेरिकी नागरिकांची संवेदनशील माहिती घाऊक प्रमाणात चीन, रशिया वगैरे सहा देशांच्या हाती पडू नये, असे नियम ८ एप्रिल २०२५ पासून लागू झाले. २०१९ मध्ये ओसाकाला आपण सही करून बसलो असतो, तर आपण बांधलेले आणि ते मोकळे, असा प्रकार झाला असता.

युरोपची रीत निराळी. तो म्हणतो, नागरिकाचा खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, त्यावर द्राक्षांच्या टेबलावर घासाघीस होणार नाही. ज्या देशाचा कायदा आमच्याइतका भक्कम, त्याला आम्ही वेगळी मान्यता देऊ. मॅक्स श्रेम्स नावाच्या ऑस्ट्रियन कायदेपंडिताच्या खटल्यांत युरोपीय न्यायालयाने अमेरिकेशी केलेली व्यवस्था २०१५ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये रद्द केली. पहिली तक्रार केली तेव्हा हा गृहस्थ विद्यार्थी होता. एका विद्यार्थ्याने दोन खंडांमधला व्यवहार अडवावा, हे मला कादंबरीत लिहिण्याचे धाडस झाले नसते.

पण हा सगळा विषय 'आपली माहिती बाहेर जाते' एवढ्यावर संपत असता, तर सोपे होते. माझी धाकटी सून हिंजवडीत एका ब्रिटिश विमा कंपनीचे काम करते. सकाळी आत जाताना मोबाइल लॉकरमध्ये, टेबलावर कागद-पेन ठेवायलाही बंदी. लीड्सच्या कुठल्याशा आजोबांच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचे बिल ती तपासते. आमच्या घरातही एक गुडघा आहे, त्याची चर्चा सोसायटीभर होते. लीड्सच्या गुडघ्याबद्दल मात्र तिने आजवर अवाक्षर काढलेले नाही. पुण्यातल्या हजारो घरांचे हप्ते परदेशातून इकडे येणाऱ्या माहितीवर फिटतात. उद्या प्रत्येक देशाने 'आमची माहिती आमच्याच घरात' म्हटले, तर हिंजवडीचे काय? दिल्लीतल्या वाटाघाटी करणाऱ्यांना हे पुरते ठाऊक आहे. म्हणूनच २०२३ च्या आपल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात, परदेशी माणसांची माहिती कंत्राटाने इथे हाताळणाऱ्या कंपन्यांना बहुतेक जबाबदाऱ्यांतून सूट दिली आहे. लीड्सच्या आजोबांना सांभाळतो तो त्यांच्या देशाचा कायदा. युरोपीय संघाच्या त्या मान्यतेपर्यंत तर २०२५ संपले तरी भारत पोहोचला नव्हता. तिथल्या माहितीवरचे काम आपल्या कंपन्या स्वतंत्र कंत्राटी कलमांवर चालवतात.

या कायद्याचा इतिहास मराठी वाचकाला जवळचा वाटावा. २०१७ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. कायद्याचा पहिला मसुदा केला तो न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने. मुंबई दंगलींच्या चौकशीचे तेच न्यायमूर्ती. त्यांच्या २०१८ च्या मसुद्यात वैयक्तिक माहितीची एक प्रत भारतात ठेवण्याची अट होती. पाच वर्षे आणि अनेक मसुदे उलटल्यावर जो कायदा झाला त्यात ती अट उरली नाही. आता माहिती कोणत्याही देशात नेता येते, केंद्र सरकार अधिसूचना काढून ज्या देशांना मनाई करील ते वगळून. रिझर्व्ह बँकेसारखे अधिक कडक नियम तेवढे कायम.

एका अर्थी ही मोकळीक हुशारीची आहे. करारात हात बांधून न घेता, कोणासाठी दार लावायचे हे स्वतःकडे ठेवले. २४ जुलै २०२५ रोजी ब्रिटनशी झालेल्या व्यापार करारात डिजिटल व्यापारावर अख्खे प्रकरण आहे, पण माहिती मुक्त सोडण्याचे बंधन भारताने त्यात घेतलेले नाही. संयुक्त अरब अमिरातीशी २०२२ मध्ये झालेल्या करारातले डिजिटल प्रकरण तर तंटानिवारणाच्या कक्षेबाहेरच ठेवले आहे. वाटाघाटी करणाऱ्यांना याचे श्रेय दिले पाहिजे.

माझी तक्रार दुसरीकडे आहे. परक्यांच्या टेबलावर आपण म्हणतो, नागरिकांच्या माहितीचे रक्षण हा आमचा सार्वभौम अधिकार आहे. घरी आल्यावर त्याच कायद्याचे सतरावे कलम उघडावे. सार्वभौमत्व, सुरक्षा, सुव्यवस्था अशा कारणांसाठी सरकार आपल्या कोणत्याही यंत्रणेला कायद्यातून वगळू शकते. देखरेख करणाऱ्या मंडळावरच्या नेमणुका केंद्र सरकारकडे. माहिती फुटली तर कंपनीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड, आणि तो जाणार सरकारी तिजोरीत. ज्याची माहिती फुटली त्याला? काही नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यातले भरपाईचे जुने कलमही काढून टाकण्याची तरतूद याच कायद्यात आहे. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये नियम निघाले, आणि कंपन्यांना मुख्य जबाबदाऱ्यांसाठी १८ महिन्यांची मुदत मिळाली. माहितीच्या अधिकाराला कात्री लावणारे कलम मात्र लगेच लागू झाले. त्याला मुदतीची गरज भासली नाही.

टूर्निएच्या निकालातही सरकारसाठी अपवाद होताच. आमच्या शाखेत आयकर अधिकारी येत, पोलीस येत. पण येताना लेखी हुकूम आणत. साहेब तो दोनदा वाचत, आवक-जावक वहीत नोंदवत, आणि मागितले तेवढेच पान काढून देत. लेजर उचलून कधी कोणाच्या हाती दिले नाही. कपाट आपल्या देशात असावे, या मागणीला मी मत देईन. पण किल्ली घेणाऱ्याने वहीत सही करावी, एवढे मला त्या मताच्या बदल्यात हवे आहे. आणि ते मला ओसाका किंवा लंडनहून मिळणार नाही, दिल्लीकडूनच मिळायला हवे.

गेल्या महिन्यात माझ्या बँकेत केवायसीचा अर्ज पुन्हा भरायला गेलो होतो. तिसऱ्या पानावर बारीक अक्षरांत लिहिले होते की, माझी माहिती बँकेच्या संलग्न संस्था आणि सेवा पुरवठादार यांना, भारतात किंवा भारताबाहेर, देण्यास माझी संमती आहे. मी काउंटरवरच्या मुलीला विचारले, "या संस्था कोणत्या? आणि बाहेर म्हणजे कुठे?" ती बिचारी गोंधळली. आत जाऊन कोणाला तरी विचारून आली. "काका, ते स्टँडर्ड आहे. सगळेच करतात सही." मी म्हटले, नाही केली तर? "मग अर्ज पुढे जाणार नाही, आणि खातं थांबेल."

त्याच खात्यात माझे पेन्शन येते. मागे रांग वाढत होती. चष्मा लावून मी ते वाक्य आणखी एकदा वाचले, आणि सही केली.